हळू मोजणं

नोशिरो शाखेचं शटर तीन वाजता पडायचं
आणि एका येनचाही मेळ बसला नाही
तर कुणी घरी जात नसे.
एकदा तो एक येन मला
कचऱ्याच्या पिशवीत सापडला, संत्र्याच्या सालीखाली,
रात्री साडेनऊला.
मॅनेजरनी वाकून त्याला नमस्कार केला.
हसू नका, आम्ही सगळ्यांनीच केला.

आता तिथं दातांचा दवाखाना आहे
आणि मी, हाताकेयामा फुमिए, वय सत्तावन्न,
आकिता शहरात चौथ्या मजल्यावर
नागुमो नावाच्या पोराशेजारी बसते.
तो ऑफिसात चपला घालून येतो
आणि यंत्राला शिकवतो.
यंत्राला काय शिकवायचं ते मी त्याला शिकवायचं,
असं बँकेच्या पत्रात होतं.
'नवकौशल्य' हा शब्द मी तीनदा वाचला.
चहा गार झाला.

पंख्यासारख्या उघडून, पाच-पाचनं,
शंभर नोटा मी नऊ सेकंदांत मोजायचे.
प्रांताच्या स्पर्धेत दुसरी आले होते.
पहिली आली ती योकोतेची इशिदोया;
तिची बोटं लांब होती, बाकी काही नाही.
आजही मीटिंग लांबली की
माझा अंगठा टेबलाच्या कडेवरून सरकत राहतो.
नागुमोला वाटतं मला थंडी वाजतेय.

तो पडद्यावर जुने व्यवहार दाखवतो, ओळीखाली ओळ.
"यातली फसवणूक कुठली? कशावरून?"
शेवटी 'कारण' असा रकाना,
रकान्यात निवडायला सहा पर्याय.
मी म्हटलं, बाळा,
जो व्यवहार झालाच नाही
त्याची ओळ कुठाय?

मग त्याला कोदामांचं सांगितलं.
चाळीस वर्षं देवदार कापायच्या गिरणीत,
उजव्या हाताला साडेतीन बोटं.
समुद्राकडून आडवा बर्फ येत होता
आणि त्यांना तीस लाख हवे होते. रोख. आत्ता.
कशाला, तर घराचं छप्पर.
छप्पर? फेब्रुवारीत?
मी विचारलं नाही.
विचारलं की माणूस ताठ होतो
आणि दुसऱ्या बँकेत जातो.

मी मोजायला घेतलं.
एक.
एक.
एक.
शेजारची मुलगी माझ्याकडे बघायला लागली,
हिला काही झालं का म्हणून.
ओले कपडे वेगळे करावेत तशी
मी नोटेपासून नोट सोडवत होते.
दीडशेच्या पुढं कधीतरी
त्यांनी काउंटरवर हात ठेवला.
"बाई," ते म्हणाले, "माझा मुलगा मला बाबा नाही म्हणत.
म्हातारा म्हणतो.
फोनवरचा बाबा म्हणत होता."

नागुमो गप्प. मग म्हणाला, "किती वेळ लागला?"
अकरा मिनिटं असतील.
त्यानं लिहून घेतलं.
मला वाटलं, झालं, गेलं ते रकान्यात.

पण हिवाळा सरता सरता यंत्रात काहीतरी आलं.
खातेदार वयानं मोठा, रक्कम रोजच्यापेक्षा मोठी,
की पडदा म्हणतो: नोटा मोजत आहोत, कृपया थांबा.
मोजून तर कधीच झालेलं असतं.
हे खोटं बोलणं होतं का
यावर कायदा विभाग दोन दिवस भांडला.
अकरा मिनिटं कोण देणार,
चाळीस सेकंद मंजूर झाले.
तक्रारी येतात: यंत्र मंद आहे.
त्या मीच वाचते, तेही माझं काम आहे.

परवा दुकानातल्या यंत्रापाशी रांगेत होते.
पुढं एक बाई, पाठीत वाकलेली,
पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेली.
पडदा थांबला.
बाई पडद्याकडे बघत राहिली, आणि मी तिच्या मानेकडे.
माझा अंगठा सुरू झाला. एक. एक.
मागचा माणूस घशात खाकरला.
चाळीस झाले. नोटा आल्या.
तिनं त्या न मोजता पिशवीत टाकल्या, पातीखाली,
आणि गेली.

एप्रिल होता.
छप्परही असू शकतं.